चंक्रमण

ठरावीक अंतरात ये-जा करत प्रत्येक पावलाचे भान राखण्याचा बौद्ध अभ्यास. पाली रूप 'चंकम'. त्यासाठी आखलेल्या वाटेलाही हाच शब्द आहे. शतपावलीशी त्याचे साम्य अगदीच वरवरचे नाही : अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात सांगितलेल्या पाच लाभांत खाल्लेले पचणे हाही एक आहे. पाचवा लाभ म्हणजे चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते.

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकानुसार पक्वान्ने खाऊन भिक्खू आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाच्या सूचनेवरून बुद्धांनी चंक्रमणाला परवानगी दिली. पुढचे नियम अडचणींतूनच आले. खाचखळग्यांनी पाय दुखले म्हणून जमीन सपाट, पाणी साचले म्हणून जोते उंच, त्यावरून कोणी पडले म्हणून कठडा, थंडी-उन्हासाठी छप्पर. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेस असे एक जोते आजही दाखवतात.

थायलंडच्या अरण्य परंपरेत, म्हणजे रानात राहून साधना करणाऱ्या भिक्खूंमध्ये, वाट 20 ते 30 पावलांची असते व चाल नेहमीची. घरात 8-10 पावलांची गॅलरी पुरते, पण वळणे वाढतात. अनवाणी, हात पुढे किंवा मागे गुंफून, नजर दीडदोन मीटरवर ठेवून चालावे. ग्रंथांतले माप बैलांच्या जूएवढ्या अंतराचे आहे. ब्रह्मदेशातील ध्यानगुरू महासी सयाडो (1904–1982) यांच्या पद्धतीत आधी 'डावा, उजवा' एवढीच मनात नोंद करतात. ती स्थिरावली की पावलाचे भाग पाडतात : उचलणे, पुढे नेणे, ठेवणे. टोकाला पोचल्यावर थांबावे, उभे असल्याची जाणीव घ्यावी आणि मगच वळावे. मन बहुधा वळणावरच निसटते, कारण तिथे पावलांची लय तुटते. सुरुवातीस 15 मिनिटे पुरेत.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे शब्द पुढे आणि पाऊल मागे. नोंद यांत्रिक झाली की तळव्याचा स्पर्श कळेनासा होतो. तेव्हा शब्द सोडून टाच, चवडा, फरशीचा गारवा यांकडे यावे. फार सावकाश चालल्यास तोल जातो, कारण शरीराचा भार एकाच पायावर अधिक वेळ राहतो. पावले आखूड करावीत किंवा वेग वाढवावा. उलट टोकाचे उदाहरण सोण भिक्खूचे : चालून चालून त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि ढिल्याही सोडू नयेत, असे समजावले.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरांत चंक्रमणाची वेगळी बैठक नसते. मात्र सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरील बुद्धांच्या उपदेशात, जाणे, उभे राहणे, बसणे, निजणे अशा सर्वच स्थितींचे भान सांगितले आहे. त्यामुळे जिना, ओटा ते फ्रीज, वऱ्हांडा हीदेखील अभ्यासाची वाट ठरते. रोजची एकच ये-जा निवडून तेवढीच पाळणे सोपे पडते. रहदारीच्या रस्त्यावर मात्र लक्ष तळव्यांकडे नव्हे, गाड्यांकडेच हवे.