टर्म शून्याकडे गेली, तरी बेरीज थांबेलच असं नाही

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला सिरीजचा, म्हणजे न संपणाऱ्या बेरजेचा धडा आला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: "सर, टर्म तं झिरोकडे चालली, मंग बेरीज काहून थांबत नाई?" टर्म म्हणजे त्या बेरजेतली एकेक संख्या. प्रश्न रास्त आहे. आमची बहुतेक मुलं मराठी शाळेतून येतात. दहावीत त्यांनी जी 'अंकगणित श्रेढी' शिकलेली असते, ती असते क्रमिका, म्हणजे सिक्वेन्स: एकामागून एक संख्यांची नुसती यादी. इथे सिरीज म्हटलं की त्यांना तीच श्रेढी आठवते.

मी मग फळ्यावर घरच्या कापसाच्या वहीसारखे दोन रकाने आखतो: 'आजचा वेचा' आणि 'एकूण'. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झालं, वेचणी लागली. पहिल्या वेच्याला १ क्विंटल, दुसऱ्याला १/२, तिसऱ्याला १/३, चौथ्याला १/४. पऱ्हाटी (कापसाचं झाड) कधी वाळतच नाही असं धरायचं. पहिला रकाना ही सिक्वेन्स, आणि ती सरळ शून्याकडे जाते. सिरीज कन्व्हर्ज होते की नाही, म्हणजे एकूण एका आकड्यापाशी स्थिरावतं की नाही, हे मात्र दुसऱ्या रकान्यात बघायचं. चौथ्या वेच्याला एकूण २ क्विंटलच्या वर जातं, अकराव्याला ३ च्या, एकतिसाव्याला ४ च्या, त्र्याऐंशीव्याला ५ च्या. चाल फार मंद, पण मुक्काम नाही.

का नाही, हे चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी दाखवलं, आणि मला ती युक्ती आजही फार आवडते. १/३ आणि १/४ एकत्र घ्या: बेरीज अर्ध्याहून जास्त. मग १/५ ते १/८ हे चार: पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढचे आठ, त्यापुढचे सोळा, तेच. दर ढिगात निदान अर्धा क्विंटल, आणि ढीग संपतच नाहीत.

आता वेचे १, १/२, १/४, १/८ असे निम्मे निम्मे होत गेले, तर एकूण कधीच २ ओलांडत नाही. १, १/४, १/९, १/१६ असे वर्गांचे घेतले तर एकूण १.६४५ च्या आसपास स्थिरावतं. ती बेरीज नेमकी पायचा (π) वर्ग भागिले ६, हे अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञानं शोधलं. तिन्ही वह्यांत पहिला रकाना शून्याकडेच जातो. फरक पडतो तो किती वेगानं जातो यानं.

उलट बाजूला मात्र खात्री आहे. सिरीज कन्व्हर्ज झाली असेल, तर टर्म शून्याकडे जायलाच हवी. म्हणून n/(n+१) ही सिक्वेन्स १ पाशी छान कन्व्हर्ज होते, पण तिची सिरीज डायव्हर्ज, म्हणजे एकूण कुठेच स्थिरावत नाही: प्रत्येक वेच्याला जवळजवळ एक क्विंटल येतच राहिला तर एकूण थांबेल कसं? टर्म टेस्टचा उपयोग एवढाच. टर्म शून्याकडे जात नसेल तर 'डायव्हर्ज' लिहून मोकळं व्हायचं. जात असेल तर टेस्ट काहीच सांगत नाही, ओळखीच्या सिरीजशी तुलना किंवा रेशो टेस्ट (लागोपाठच्या टर्मचं गुणोत्तर बघणारी) लावायची. पेपर तपासताना 'टर्म शून्याकडे जाते, म्हणून सिरीज कन्व्हर्ज' ही ओळ दिसली की मी समासात एवढंच लिहितो: कोणता रकाना?