इचिरो सुझुकी

इचिरो सुझुकी (जन्म २२ ऑक्टोबर १९७३) हा जपानी बेसबॉलपटू. डावखुरा बॅटर, थ्रो मात्र उजव्या हाताने, आणि मैदानावरची जागा राइट फिल्ड (उजवीकडचा लांबचा भाग). ९ सीझन जपानमध्ये ऑरिक्स ब्लूवेव्हकडून खेळला आणि १९ सीझन अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (तिथली सगळ्यात वरची लीग). जपानमधल्या हिट्स १२७८, अमेरिकेतल्या ३०८९, मिळून ४३६७. आता ही बेरीज करायची की नाही यावरून बेसबॉलवाल्यांमध्ये भरपूर भांडणं झालीयेत, आणि खरं सांगायचं तर त्याची पूरी कारकीर्दच या एका प्रश्नाभोवती फिरते, त्यामुळे हे दोन आकडे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

क्रिकेट बघून मोठे झालेल्यांसाठी आधी थोडंसं. बॉल बॅटला लागला म्हणजे हिट झाली असं नसतं. बॉल मारून, समोरच्याने गडबड केलेली नसताना, आउट न होता निदान पहिल्या बेसला (धावत गाठायच्या ठिकाणांपैकी पहिलं) पोचलात तर हिट. दहा वेळा बॅटिंगला येऊन तीनदा हे जमलं तर ॲव्हरेज .३००, आणि तेवढ्यावर लोक तुम्हाला भारी बॅटर म्हणतात, म्हणजे दहातून सात वेळा माना खाली घालून परत येणाऱ्या माणसाला! (पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, वाइड बॉल टाकले म्हणून फुकटात मिळतो तो वॉक, तो या हिशोबात धरत नाहीत.) त्यामुळे .३५० हा आकडा बघून हसू नका, तिकडे तो स्वप्नातला आकडा आहे.

लहानपण आणि शाळा

नागोयाच्या बाजूला, आइची प्रीफेक्चरमध्ये तोयोयामा म्हणून गाव आहे, तिथे तो वाढला. वडिलांनी सात वर्षांचा असल्यापासून रोज मैदानावर न्यायला सुरुवात केली, पिचिंग, कॅचिंग, बॅटिंग, आणि संध्याकाळी परत विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरमध्ये मशीनसमोर उभं राहायचं. सहावीत असताना त्याने लिहिलेला निबंध जपानमध्ये फार फेमस आहे, त्यात तो लिहितो की वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस माझी कडक प्रॅक्टिस असते आणि मी नक्की प्रोफेशनल होणार. लोक हे कौतुकाने सांगतात पण या ट्रेनिंगचा त्याला खूप त्रास झाला हे त्याने मोठेपणी स्वतः बोलून दाखवलंय, त्यामुळे 'बापाने घडवलेला चॅम्पियन' ही गोष्ट आपल्याकडच्या पालकांनी जरा जपूनच ऐकावी. मुळात तो उजव्या हाताचा, पण बॅटिंग डावीकडून शिकला, कारण डावीकडून उभं राहिलं की पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो, आणि पुढे त्याचं निम्मं करियर या दोन पावलांवर उभं राहिलं.

शाळा आइकोदाई मेइदेन. कोशिएन ही तिकडची शाळकरी स्पर्धा म्हणजे अख्खा देश टीव्हीसमोर बसतो असला प्रकार, तिथे तो दोनदा पोचला, दुसऱ्यांदा तर पिचर म्हणून. तरी १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ऑरिक्सने त्याला चौथ्या राउंडला घेतलं, कारण अंगाने काडी होता.

ऑरिक्स

पहिली दोन वर्षं वाया गेली म्हणायची. त्याची बॅटिंगची स्टाइल विचित्र होती, बॉल यायच्या आधी उजवा पाय घड्याळाच्या लंबकासारखा मागे झुलवायचा आणि मग अख्खं वजन पुढे टाकत मारायचं. कोचिंगच्या पुस्तकात हे बसत नव्हतं. मॅनेजर शोझो दोई यांना ते अजिबात पटलं नाही, त्यामुळे बराचसा वेळ ज्युनियर टीममध्येच गेला, जिथे तो बॅटिंगमध्ये पहिला येत होता ते वेगळंच. १९९३ मध्ये त्याने आयुष्यातला पहिला प्रोफेशनल होम रन (आपल्या सिक्ससारखा, बॉल थेट बाहेर) मारला तो हिदेओ नोमोला, ज्याने पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत जाऊन जपानी पिचर्ससाठी दार उघडलं.

१९९४ ला मॅनेजर बदलला. अकिरा ओगी आले, त्यांनी पोराला जसा आहे तसा खेळू दिला, शिवाय शर्टावरून आडनावच काढून टाकलं! सुझुकी हे जपानमध्ये इतकं कॉमन आडनाव आहे की आपल्याकडे पाटील किंवा कुलकर्णी म्हणून हाक मारल्यासारखं, दहा जण वळून बघणार. म्हणून रजिस्टरमध्ये फक्त 'इचिरो'. (त्याच वेळी टीममधल्या सातो आडनावाच्या एकाला 'पंच' असं नाव दिलं होतं, त्याच्याबद्दल आता कोणी फारसं बोलत नाही.) त्या वर्षी १३० मॅचमध्ये इचिरोने २१० हिट्स काढल्या. जपानमध्ये एका सीझनला २०० चा आकडा तोवर कोणीच ओलांडला नव्हता, आधीचा रेकॉर्ड १९५० चा, १९१ हिट्सचा. ॲव्हरेज .३८५. तिथून २००० पर्यंत सलग सात वर्षं लीगचा बॅटिंग टायटल त्याच्याकडेच होता, आणि १९९४ ते ९६ सलग तीनदा एमव्हीपी (लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू).

मधे १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली, आणि ऑरिक्सचं होम ग्राउंड कोबेतच. टीमने कोबे सोडलं नाही, बाहीवर 'गानबारो कोबे' (हिंमत धर कोबे, असं काहीतरी म्हणता येईल) लिहून खेळले, त्या वर्षी पॅसिफिक लीग जिंकली आणि १९९६ ला टोकियोच्या बलाढ्य योमिउरी जायंट्सला हरवून जपान सिरीज, म्हणजे देशाची फायनलसुद्धा. कोबेच्या लोकांना इचिरो आपला वाटतो तो यामुळे, त्याला आकड्यांचं कारण लागत नाही.

सिएटल

२००० च्या शेवटी त्याला अमेरिकेत जायचं होतं आणि नुकतीच सुरू झालेली पोस्टिंग सिस्टिम होती, म्हणजे अमेरिकन टीम्सनी बंद पाकिटात बोली लावायची, जो जास्त देईल त्याला फक्त खेळाडूशी बोलायचा हक्क, आणि बोलीचे पैसे जपानी क्लबला. सिएटल मरिनर्सने १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर भरले, वर इचिरोला तीन वर्षांचे १ कोटी ४० लाख वेगळे. तोपर्यंत जपानमधून गेले ते सगळे पिचर. रोजच्या रोज बॅटिंग करणारा कोणी टिकेल यावर तिकडे लोकांचा विश्वास नव्हता, अंगाने बारीक आहे, फास्ट बॉलसमोर बॅट हातातून उडेल वगैरे. ५१ नंबर मिळाला, जो आधी तिथल्या गाजलेल्या पिचरचा, रँडी जॉन्सनचा होता, तर याने त्यालाच पत्र पाठवून कळवलं की नंबरला बट्टा लागू देणार नाही.

आणि २००१ चा सीझन म्हणजे दंगाच. २४२ हिट्स, .३५०, ५६ चोरलेले बेस (हिटची वाट न बघता पळून गाठलेले), रुकी ऑफ द इयर (वर्षातला सगळ्यात भारी नवखा) आणि एमव्हीपी दोन्ही एकाच वर्षी, जे त्याच्याआधी फक्त १९७५ ला फ्रेड लिनला जमलं होतं. टीमने ११६ मॅच जिंकल्या, १९०६ च्या शिकागो कब्जची बरोबरी. त्या वर्षीचा ११ एप्रिलचा थ्रो अजून दाखवतात, ओकलंडमध्ये टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्याला पळाला, इचिरोने राइट फिल्डमधून सरळ रेषेत फेकलेला बॉल त्याच्याआधी तिसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये. जाँटी ऱ्होड्सचा तो उडी मारून केलेला रन आउट आपण जसा तोंडपाठ सांगतो, तसंच सिएटलवाले हे सांगतात. एवढं होऊन न्यूयॉर्क यांकीजकडून प्लेऑफमध्ये हरले, आणि नंतर मरिनर्स थेट २०२२ पर्यंत प्लेऑफला पोचलेच नाहीत. इचिरो वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) कधीच खेळला नाही, ना तिथे ना नंतर यांकीजमध्ये.

२००४ ला त्याने जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ हिट्सचा रेकॉर्ड मोडला आणि २६२ वर थांबला. त्यातल्या २२५ हिट्स एकेरी, फक्त पहिल्या बेसपर्यंतच्या. दोघांच्या रेकॉर्डमध्ये बारीक अक्षरातली एक गोष्ट आहे, सिस्लरच्या काळी सीझन १५४ मॅचचा होता आणि आता १६२ चा, त्यामुळे तेव्हाही कुरकुर झाली. सिस्लरची म्हातारी मुलगी त्या मॅचला आली होती, आणि २००९ मध्ये ऑल-स्टार मॅचसाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंची मॅच) सेंट लुईसला गेला तेव्हा इचिरो वाट वाकडी करून सिस्लरच्या कबरीवर फुलं ठेवून आला. याच २००४ ला मरिनर्स ९९ मॅच हरले, हे पण लिहिलं पाहिजे.

२००१ ते २०१०, सलग दहा वर्षं २०० च्या वर हिट्स, दहा वर्षं ऑल-स्टार, दहा गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस). स्टेडियममध्ये एक फॅन बाई 'इचि-मीटर' नावाचा बोर्ड घेऊन बसायच्या आणि प्रत्येक हिटला आकडा पलटायच्या.

टीका काय व्हायची

तो काळ दांडगट होम रनवाल्यांचा, आणि हा माणूस बॉल जमिनीवर आपटून धावत सुटायचा. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) बॉल उचलून पहिल्या बेसला फेकेपर्यंत हा पोचलेला असायचा, डावीकडून मारताना शरीर आधीच पळायला लागलेलं. आकडेमोड करणारे म्हणायचे की नुसती चिल्लर गोळा करतोय, वॉक घेत नाही, होम रन नाहीत, टीम हरते आणि याचे दोनशे होतात. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. जपानच्या ९ सीझनमध्ये ११८ होम रन आणि अमेरिकेच्या १९ सीझनमध्ये ११७! पण प्रॅक्टिसमध्ये तो पटापट बॉल स्टँडमध्ये पाठवायचा असं टीममधलेच सांगतात, म्हणजे येत नव्हतं असं नाही, त्याने ठरवून दुसरा रस्ता धरला होता. माझ्या मते चिल्लरवाल्यांचा हिशोब बरोबर आहे पण स्टेडियममध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाला साध्या ग्राउंडरवर श्वास रोखायला लावणं हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं ते त्यांनी सांगावं.

बॅटींची काळजी तो लहान बाळासारखी घ्यायचा, दमट हवेने लाकूड जड होऊ नये म्हणून खास पेटीतून न्यायचा, बाकीचे चिडले की बॅट आपटायचे, हा कधी नाही. मॅचच्या आधीचं स्ट्रेचिंग, मसाज, सगळं घड्याळ लावल्यासारखं ठरलेलं.

जपानच्या टीमकडून तो २००६ आणि २००९ चे पहिले दोन्ही वर्ल्ड बेसबॉल क्लासिक जिंकला. २००९ ला संपूर्ण स्पर्धेत चाचपडत होता आणि लॉस एंजेलिसच्या फायनलला कोरियाविरुद्ध दहाव्या (नेहमीच्या नऊनंतरच्या जादा) इनिंगमध्ये दोन रन आणणारी हिट मारून मॅच काढली.

उतरता काळ आणि ती बेरीज

२०११ ला १८४ हिट्स, .२७२, साखळी तुटली. २३ जुलै २०१२ ला यांकीजकडे ट्रेड झाला आणि योगायोग असा की त्याच संध्याकाळी सिएटलमध्येच दोघांची मॅच, तर तो पाहुण्यांच्या कपड्यात, ३१ नंबर घालून, बॅटिंगला आला, हेल्मेट काढून वाकून नमस्कार केला आणि हिट मारली. २०१५ ला मायामी मार्लिन्स, तिथे सीझनच्या शेवटच्या दिवशी एक इनिंग पिचिंगही करून घेतली, कोशिएनची हौस असावी.

१५ जून २०१६ ला दोन्ही देशांच्या मिळून त्याच्या ४२५७ हिट्स झाल्या, पीट रोझच्या मेजर लीग रेकॉर्डपेक्षा एक जास्त. जपानी पेपरांनी पहिलं पान दिलं. रोझ भडकला, म्हणाला पुढे त्याच्या शाळेतल्या हिट्सपण धराल. मेजर लीगने ही बेरीज ऑफिशियल मानलेली नाही आणि इचिरोनेही मानाच असा हट्ट धरला नाही. एक बाजू अशी की जपानी लीगची लेव्हल थोडी खाली धरतात. दुसरी अशी की तिथे सीझन १३०-१३५ मॅचचा, आणि अमेरिकेत सुरुवात केली तेव्हा हा २७ वर्षांचा झाला होता, म्हणजे बॅटरची पळती वर्षं आधीच खर्च झालेली. दोन्ही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही. पण त्याच वर्षी ७ ऑगस्टला डेन्वरमध्ये ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारी हिट) मारून त्याने नुसत्या अमेरिकेतल्या ३००० पूर्ण केल्या, आणि तिथे मात्र कोणाला बोलायला जागा उरली नाही.

२०१८ ला परत सिएटल. २१ मार्च २०१९ ला टोकियो डोममध्ये ओकलंडविरुद्ध ४५ व्या वर्षी शेवटची मॅच, चार वेळा बॅटिंग, एकही हिट नाही. शेवटचा बॉल त्याच्या नेहमीच्या स्टाइलने शॉर्टस्टॉपकडे गेला आणि या वेळी थ्रो आधी पोचला. मॅच संपून कितीतरी वेळ लोक उठेनात, म्हणून त्याला परत बाहेर यावं लागलं. जपान सरकारचा राष्ट्रीय सन्मान त्याने २००१, २००४ आणि २०१९, तिन्ही वेळा नाकारला.

जानेवारी २०२५ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या दिग्गजांचा तिथे सन्मान होतो) ३९४ पैकी ३९३ मतं पडली. जपानमध्ये जन्मलेला तो तिथला पहिलाच. ते एक मत न देणारा कोण ते कळलं नाही, त्याला आधी इचिरोने घरी बोलावलं होतं, मग जुलैच्या भाषणात जाहीर केलं की आता ते आमंत्रण रद्द. इतकी वर्षं दुभाष्यामार्फत बोलणारा माणूस त्या दिवशी इंग्लिशमध्ये बोलला आणि लोक हसून हसून बेजार. ऑगस्टमध्ये मरिनर्सने ५१ नंबर त्याच्या नावाने कायमचा बाजूला ठेवला.

रिटायर झाल्यावर त्याने मित्रमंडळींची 'कोबे चिबेन' नावाची हौशी टीम काढली. डिसेंबर २०२१ मध्ये ही टीम शाळकरी मुलींच्या निवडक टीमशी खेळली, कोबेच्या त्याच जुन्या ग्राउंडवर, आणि ४८ वर्षांच्या इचिरोने पूर्ण मॅच एकट्याने पिचिंग करून समोरच्यांना एकही रन दिला नाही.