रस्ता कसा आहे? ड्रायव्हरच्या सीटवरून मोजून सांगतो

नाशिकहून वाशी मार्केटला माल नेणाऱ्या गाडीमालकाला दोन गोष्टींची काळजी असते: गाडी मार्केट भरायच्या वेळेला पोचेल का, आणि क्रेटमधला टोमॅटो फुटणार तर नाही ना. ‘सरासरी चार तास’ म्हटल्याने यातलं काहीच कळत नाही.

म्हणून आम्ही तुमच्याच गाडीत, तुमच्याच ड्रायव्हरसोबत, नेहमीच्या वेळेला निघून लागणारा वेळ आणि बसणारे हादरे मोजतो. दर वीस खेपांतल्या एकोणीस खेपा जेवढ्या वेळात पोचतात, तो आकडा अहवालात सगळ्यात वर असतो. समजा एरवी चार तास लागतात आणि हा आकडा साडेपाच निघाला, तर गाडी दीड तास आधी सोडा. कसारा घाट, पडघा ते भिवंडी असे टप्पे वेगळे दाखवतो.

हादऱ्यांचं काम जास्त बारकाईचं. आपल्याकडे रस्त्याचा खडबडीतपणा बंप इंटिग्रेटरने, म्हणजे चाकाची वर-खाली उसळी मिलिमीटरमध्ये जोडत जाणाऱ्या यंत्राने मोजतात. डांबरी काँक्रीटवर किलोमीटरला २००० मिलिमीटरच्या आत आला तर रस्ता चांगला, ३००० च्या वर गेला तर खराब. जगभर चालणारा आयआरआय हा खडबडीतपणाचा निर्देशांक ताशी ८० किलोमीटरने धावणारं मोटारीचं एक चाक गृहीत धरून काढतात. ठेकेदाराचं काम तपासायला या पद्धती हव्यातच. पण भरलेली आयशर घाटात ८० ने धावत नाही. आणि रिकामी परतताना तोच खड्डा जास्त आदळतो, कारण कमानपाटे भरल्या वजनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. आम्ही जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजतो. सेन्सर हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बोल्टने आवळतो. होल्डरमधला मोबाइल स्वतःच थरथरतो, त्याच्या आकड्यांवर आमचा भरवसा नाही. गाडी सुटण्याआधी टायरची हवा तपासतो, कारण हवा बदलली की हादराही बदलतो.

ड्रायव्हरचं म्हणणंही लिहून घेतो: अचानक ब्रेक कुठे मारावा लागला, रात्री पावसात पांढरा पट्टा दिसतो का. याला ऐकीव माहिती समजू नका. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान इलिनॉयमध्ये आशो (तिथल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रोड टेस्ट झाली, तेव्हा रस्त्यांना ० ते ५ गुण दिले ते गाडीत बसून फिरलेल्या माणसांनी, आणि यंत्रांचे आकडे त्या गुणांशी जुळवून घेतले.

मोजणी पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा झालेली बरी. एकदाच करायची असेल तर पाऊस ओसरताच, खड्डे बुजवण्याआधी करून घ्या.