संचमान्यता

संचमान्यता : शाळेला किती शिक्षकपदे द्यायची, हे पटसंख्येवरून ठरवणारी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाची प्रक्रिया. अनुदानित शाळेचा मुख्य खर्च पगाराचा. त्यामुळे पद मंजूर झाले तरच पैसा येतो.

निकषांचा पाया 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. एकसष्टाव्या मुलाने दाखला काढला की तिसरे पद डळमळते. इयत्ता मात्र पाचच्या पाच राहतात आणि त्या दोघांत वाटून घ्याव्या लागतात. मुलांच्या संख्येवर पैसा देणाऱ्या सूत्राची खरी अडचण हीच आहे.

पट 30 सप्टेंबरचा धरतात. ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीत एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती. आता शाईची जागा आधारने घेतली आहे. जनरल रजिस्टरमधले, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतले नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळली नाही, तर रोज बाकावर बसणारे मूलही हिशेबात येत नाही. लिपिकाचा पावसाळा बराचसा या दुरुस्त्यांतच जातो.

लहान शाळा म्हणजे डोंगरातली, हा समज मुंबईत टिकत नाही. परळ-लालबागच्या मराठी शाळांचा पट गिरण्या बंद पडल्यावर, कुटुंबे विरार-बदलापूरकडे सरकल्यावर आणि उरलेल्यांनी इंग्रजी माध्यम धरल्यावर आटला. चाळ पुनर्विकासाला गेली की आणखी दाखले निघतात. पद गेलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते.

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने कात्री आणखी धारदार केली. सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली असलेल्या शाळांना त्यानुसार शून्य पदे दाखवली गेली. शिक्षक संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला.

समग्र शिक्षा या केंद्रपुरस्कृत योजनेचे संयुक्त शाळा अनुदानही (शाळेच्या देखभालीसाठी व किरकोळ खर्चासाठीचे) पटावरच मिळते : 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, हजारावर 1 लाख. दरडोई पाहिले तर लहान शाळा फायद्यात दिसते, पण वीजबिल आणि गळणारे छप्पर दरडोई नसते.

कमी पटाच्या शाळा एकत्र करण्यासाठी 2023 मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. त्यासाठी दोन नमुने दाखवले गेले : पुणे जिल्ह्यातले पानशेत, जिथे मुलांना बसने आणतात, आणि नंदुरबारमधले तोरणमाळ, जिथली शाळा निवासी आहे.