टेपची दुसरी प्रत: वेग, कॅटलॉग आणि किल्ली

फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची मेलबॉक्स अचानक रिकामी दिसू लागली. गूगलकडे या मेलच्या प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरांत होत्या, पण चूक सॉफ्टवेअरमधली असल्याने ती त्या प्रतींपर्यंतही पोचली. शेवटी मेल परत आले ते चुंबकीय टेपवरून. टेप लायब्ररीच्या (टेपांचं कपाट असलेल्या यंत्राच्या) खणात पडून असते, कोणत्याही सर्व्हरला जोडलेली नसते, म्हणून ती बचावली. मोठ्या बँका, तेल कंपन्या, हवामान संस्था आजही टेप वापरतात त्याचं मुख्य कारण हेच. मात्र टेप एकच असेल तर आगीत किंवा पुरात तीही जाते. त्यामुळे तिची दुसरी प्रत काढून दुसऱ्या गावी ठेवायची असते, आणि हे काम वाटतं तितकं सरळ नाही.

एलटीओ हा अशा टेपांचा एक ठरलेला प्रकार, एलटीओ-८ ही त्याची आठवी पिढी. तिचं कार्ट्रिज तळहातावर मावतं. आत अर्धा इंच रुंदीची ९६० मीटर टेप असते, तिच्यावर ६,६५६ ट्रॅक आणि क्षमता १२ टेराबाइट. ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारं-लिहिणारं यंत्र, आपल्या हेडने एका वेळी ३२ ट्रॅक लिहितो. टोकापर्यंत गेला की हेड जरासं सरकवून उलटा येतो, अशा २०८ फेऱ्या. पूर्ण भरलेली टेप एकदा वाचायची म्हणजे हेडसमोरून जवळजवळ २०० किलोमीटर फीत न्यायची. सेकंदाला ३६० मेगाबाइट या कमाल वेगाने त्याला सव्वानऊ तास लागतात. एलटीओ-९ मध्ये क्षमता १८ टेराबाइट आणि वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट, म्हणजे साडेबारा तास. ‘रात्रीत वीस टेप कॉपी करून टाका’ असं सांगणाऱ्या साहेबांना हा हिशेब आधी दाखवावा.

तोही कमाल वेग टिकला तर. एलटीओ-८चा मोठा ड्राइव्ह डेटाच्या पुरवठ्याप्रमाणे आपला वेग सेकंदाला साधारण ११२ मेगाबाइटपर्यंत उतरवू शकतो. पुरवठा त्याखाली गेला की बफर (ड्राइव्हमधली तात्पुरती साठवण) रिकामा होतो आणि ड्राइव्हला थांबावं लागतं. सेकंदाला काही मीटर पळणारी फीत जागच्या जागी थांबत नाही. ती पुढे जाते, मग मागे गुंडाळावी लागते, मग पुन्हा वेग पकडून नेमक्या जागी लिहायला सुरुवात. या हेलपाट्याला ‘शू-शाइनिंग’ म्हणतात. वेळ जातो तो जातोच, वर फीत आणि हेड दोन्ही झिजतात. टेपवरून टेपवर प्रत काढताना याचं कारण बहुधा मधल्या रस्त्यात सापडतं. टेपवर डेटा आकुंचित (कॉम्प्रेस) करून ठेवलेला असतो. एक ड्राइव्ह वाचताना तो उलगडून देतो आणि दुसरा ड्राइव्ह तो पुन्हा आकुंचित करतो. डेटा निम्म्यावर आकुंचला असेल तर मधल्या केबलवरून सेकंदाला ७२० मेगाबाइट जायला हवेत. ८ गिगाबिटच्या फायबर चॅनलची मजल जेमतेम ८०० मेगाबाइट. दोन्ही ड्राइव्ह एकाच पोर्टवर लावले, एखादा मीडिया सर्व्हर (ड्राइव्हकडे डेटा नेणारा सर्व्हर) जुना असला, की गाडी अडलीच.

दुसरी गोची मल्टिप्लेक्सिंगची. रात्री बॅकअप घेताना सात-आठ संथ सर्व्हरांचे प्रवाह एकाच टेपवर आलटून-पालटून लिहितात, म्हणजे ड्राइव्हचं पोट भरलेलं राहतं. सात-आठ जणांच्या पत्रांची पानं पिसून एकच गठ्ठा बांधावा तसं हे. प्रत काढताना प्रत्येक सर्व्हरचा डेटा सुटा करून लिहायला सांगितलं, तर तीच टेप पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वाचावी लागते आणि दहा तासांच्या कामाचे दोन दिवस होतात. मल्टिप्लेक्सिंग तसंच ठेवून प्रत काढली तर ती लवकर निघते, पण पुढे एकाच सर्व्हरचा डेटा परत मिळवताना वेळ जातो. दूर ठेवायची प्रत क्वचितच वाचली जाते, तेव्हा ती मल्टिप्लेक्स्डच राहू द्यावी हे बरं.

ड्राइव्हचंही गणित असतं. प्रत काढायला एकाच वेळी दोन ड्राइव्ह लागतात. चार ड्राइव्हच्या लायब्ररीत अशी चार कामं एकदम सुरू झाली आणि प्रत्येकाने वाचायचा ड्राइव्ह आधी अडवला, तर लिहायला एकही उरत नाही. चौघंही सकाळपर्यंत एकमेकांची वाट बघत बसतात. चांगली बॅकअप सॉफ्टवेअर दोन्ही ड्राइव्ह मिळाल्याशिवाय कामाला हात घालत नाहीत. तरी प्रतीची कामं दोनच्या वर एकदम चालू नयेत अशी मर्यादा घालून ठेवावी.

लिनक्सवरच्या ‘डीडी’ या कॉपीच्या आदेशाने टेप जशीच्या तशी उतरवता येते का? येते, पण ठेचा बऱ्याच. मूळ टेप २५६ किलोबाइटच्या ब्लॉकने लिहिली असेल आणि वाचताना लहान ब्लॉक दिला तर मेमरी अपुरी असल्याचा चकवणारा संदेश येतो. ‘एसटी’ नावाचं डिव्हाइस दिलं तर काम संपताच टेप आपोआप मागे गुंडाळली जाते आणि दुसरी फाइल पहिलीवरच लिहिली जाते. तिथे गुंडाळी न करणारं ‘एनएसटी’च हवं. फाइलमार्कही (दोन फाइलींमधल्या खुणा) जिथल्या तिथे उतरले पाहिजेत. शिवाय दोन कार्ट्रिजमध्ये अगदी सारखं मावेल याची खात्री नसते. ड्राइव्ह लिहिता लिहिताच वाचून बघतो आणि खराब निघालेला भाग पुढे पुन्हा लिहितो, त्यात जागा खर्ची पडते. काठोकाठ भरलेली टेप दुसरीवर मावली नाही तर शेवटचे काही गिगाबाइट बाहेर राहतात.

आणि एवढं करून बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगला, म्हणजे कोणता बॅकअप कुठल्या टेपवर आहे त्या नोंदवहीला, या प्रतीचा पत्ताच नसतो. म्हणून नेहमीच्या कामात प्रत सॉफ्टवेअरकडूनच काढून घ्यावी. ते प्रत्येक बॅकअपची ‘प्रत क्रमांक २’ अशी नोंद ठेवतं, बारकोड जोडतं, मूळ टेप बिघडली तर दुसरीला मुख्य करता येतं. इथे एक जागा हमखास निसटते ती मुदतीची, म्हणजे डेटा किती दिवस जपायचा त्याची. प्रतीची मुदत वेगळी दिली नाही तर बऱ्याच ठिकाणी ती मूळ टेपचीच घेतली जाते, आणि दोघीही एकाच दिवशी ‘रिकाम्या’ ठरतात. दुसरी जागा किल्लीची. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीने डेटा कुलूपबंद करू शकतो. किल्ल्या सांभाळणारा सर्व्हर मूळ इमारतीतच असेल आणि ती इमारतच गेली, तर शंभर मैलांवरची टेप सुखरूप असूनही वाचता येत नाही.

जुन्या टेपांची प्रत नव्या पिढीत काढताना ड्राइव्हची जात बघावी. एलटीओ-७चा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या, म्हणजे ५ आणि ६, वाचतो. एलटीओ-८ मात्र फक्त ७ पर्यंतच मागे जातो. त्यामुळे एलटीओ-६च्या टेपा शिल्लक असेपर्यंत एलटीओ-७चा निदान एक ड्राइव्ह भंगारात देऊ नये.

प्रत निघाली की कार्ट्रिजची लिहिण्याची खिट्टी सरकवून बंद करावी आणि पाठवताना प्लास्टिकच्या केसमध्ये, उभी ठेवावी. आडव्या थप्पीत गुंडाळीच्या कडा दुखावतात. दीर्घकाळ ठेवायला १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात गार खोलीतून काढलेली टेप दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं. म्हणून ती बंद पेटीतूनच न्यावी आणि नव्या जागी पोचल्यावर २४ तास तशीच ठेवून मग ड्राइव्हला लावावी.

पडताळणी करताना प्रत ज्या ड्राइव्हने लिहिली त्यावर वाचू नये. हेड किंचित बिघडलेला ड्राइव्ह आपलं स्वतःचं लिखाण बिनबोभाट वाचतो, दुसऱ्याला ते वाचता येत नाही. दर महिन्याला दूरच्या खणातून कुठलीही एक टेप मागवून, दुसऱ्याच ड्राइव्हवर लावून, एक अख्खं फोल्डर उतरवून बघावं आणि फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) मूळ यादीशी ताडून पाहावेत.