नॅचेझचा तिठा

नॅचेझ शहरातून सेंट कॅथरीन स्ट्रीटनं पूर्वेकडे मैलभर गेलं की रस्ता फुटतो. एक फाटा वॉशिंग्टन नावाच्या शेजारच्या गावाकडे जातो, दुसरा लिबर्टीकडे. कोकणात अशा जागेला तिठा म्हणतात, तिथे तिला 'फोर्क्स ऑफ द रोड' म्हणतात. आज तिथे थोडं गवत आहे, माहितीचे फलक आहेत, आणि जमिनीलगत काँक्रीटमध्ये रुतवलेल्या लोखंडी बेड्या आहेत. १८३३ पासून पुढची तीस वर्षं या तिठ्यावर माणसं विकली जात होती. न्यू ऑर्लिन्स सोडलं तर अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात याच्या तोडीचा गुलामबाजार क्वचितच असेल.

मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ म्हणजे जेमतेम साडेचौदा हजार वस्तीचं, नदीकाठचं शहर. त्याची गोष्ट बहुतेक वेळा पांढऱ्या खांबांच्या हवेल्यांपासून सुरू होते. मला ती तिठ्यापासून सांगायची आहे, कारण त्या खांबांना लागलेला पैसा याच वाटेनं आला.

पण आधी जमीन बघायला हवी. मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर इथे सुमारे २०० फूट उंच दरड आहे. ती खडकाची नाही. हिमयुगात वाऱ्यानं उडवून आणलेल्या बारीक पिवळसर मातीची आहे, भूगोलात जिला लोएस म्हणतात. ही माती उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते, पाणी मुरलं की मात्र ढासळते. पलीकडे लुईझियाना राज्य, विडालिया गाव आणि नजर पोचेल तिथवर सपाट, गाळाची, सुपीक जमीन. कापूस पिकायचा त्या सखल भागात, पण तिथे पूर आणि हिवताप. म्हणून मळे खाली आणि मालकांची घरं वर दरडीवर, अशी वाटणी झाली. २०११ च्या मे महिन्यात नदीनं इथे जवळपास ६२ फुटांची विक्रमी पातळी गाठली. विडालियातल्या नदीकाठच्या इमारतींभोवती तेव्हा बांध घालावे लागले, आणि नॅचेझचं गाव दरडीवर कोरडं राहिलं.

गावाला नाव मिळालं ते इथल्या मूळ रहिवाशांवरून. नॅचेझ लोकांचं मुख्य गाव सेंट कॅथरीन ओढ्याच्या काठी होतं, तिथले मातीचे उंचवटे अजून आहेत. त्यांच्या प्रमुखाला 'महासूर्य' म्हणत. १७१६ मध्ये फ्रेंचांनी दरडीवर फोर्ट रोझाली बांधला. काही वर्षं बरीवाईट ओढाताण चालली. मग फ्रेंच अधिकाऱ्यानं एक अख्खं गाव स्वतःच्या मळ्यासाठी मागितलं, तेव्हा १७२९ च्या नोव्हेंबरात नॅचेझ लोकांनी उठाव केला आणि दोनशेहून जास्त फ्रेंच मारले. सूड भयंकर होता. शेकडो लोकांना पकडून कॅरिबियनमध्ये गुलाम म्हणून विकलं गेलं. उरलेले क्रीक आणि चेरोकी लोकांच्या आश्रयाला गेले, त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात आहेत. गावात त्यांचं नाव मागे राहिलं.

त्यानंतर इंग्रज आले, स्पॅनिश आले आणि १७९८ मध्ये अमेरिकेचा झेंडा लागला. नव्या मिसिसिपी प्रदेशाची पहिली राजधानी नॅचेझच होती. उत्तरेकडचे नावाडी तराफ्यांवर माल घेऊन इथवर वाहत यायचे. प्रवाहाविरुद्ध परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून तराफा लाकडाच्या भावानं विकून ते नॅशव्हिलपर्यंतची सुमारे ७०० किलोमीटरची रानवाट पायी तुडवायचे. 'नॅचेझ ट्रेस' ही ती वाट. मऊ मातीत पावलांनी आणि चाकांनी ती काही ठिकाणी माणसाच्या डोक्याच्याही खाली खोल गेली आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यात पहिली आगबोट नदीतून खाली आली, पुढे बोटी उलट्या दिशेनंही जाऊ लागल्या आणि ट्रेस ओस पडली.

सरकी काढायचं यंत्र तोवर आलेलं होतं. मेक्सिकोतून आणलेलं कापसाचं नवं बियाणं या भागात चांगलं रुजलं. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती. तिकडे व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये तंबाखूनं जमिनी थकल्या होत्या आणि मालकांना माणसं 'जास्त' झाली होती. व्यापारी ती विकत घेऊन बोटींनी किंवा साखळदंडात बांधून शेकडो मैल चालवत दक्षिणेला आणत. शहराच्या हद्दीत साथीच्या भीतीनं हा व्यापार नको, असा नियम १८३३ मध्ये झाला आणि बाजार हद्दीबाहेर तिठ्यावर गेला. इथे लिलावाची बोली नसे. नवे कपडे घातलेली माणसं रांगेत उभी असत. गिऱ्हाइकानं हात बघायचे, दात बघायचे, प्रश्न विचारायचे आणि भाव करायचा, असा रोजचा दुकानासारखा व्यवहार. आई एकीकडे, मूल दुसरीकडे हे तिथे नित्याचं होतं.

या तिठ्याच्याही आधी आलेल्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. अब्दुल रहमान इब्राहिमा हा पश्चिम आफ्रिकेतल्या फुता जालोनचा राजपुत्र, अरबी लिहिता-वाचता येणारा. लढाईत पकडला गेला आणि १७८८ मध्ये नॅचेझच्या एका मळेवाल्याला विकला गेला. १८०७ मध्ये बाजारात त्याला एक गोरा डॉक्टर भेटला. तरुणपणी आजारी होऊन आफ्रिकेत अडकलेल्या याच डॉक्टरला इब्राहिमाच्या वडिलांनी आश्रय दिला होता. डॉक्टरनं त्याला ओळखलं, सोडवायला पैसे देऊ केले. मालकानं नकार दिला. सुटका झाली ती १८२८ मध्ये, चाळीस वर्षांनी. दुसऱ्याच वर्षी इब्राहिमा समुद्र ओलांडून लायबेरियापर्यंत पोचला आणि काही महिन्यांतच तापानं तिथेच गेला. घर त्याला दिसलं नाही.

याच गावात विल्यम जॉन्सन हा स्वतंत्र काळा न्हावी होता. १८३५ पासून १८५१ मध्ये त्याचा खून होईपर्यंत त्यानं रोजनिशी लिहिली. कुणाची दाढी केली, कोण कुणाशी भांडलं, घोड्यांच्या शर्यतीत काय झालं, सगळं त्यात आहे. त्याच्याकडे स्वतःचेही गुलाम होते, हेही त्याच वह्यांत आहे. त्या व्यवस्थेनं कुणालाच कोरडं ठेवलं नव्हतं.

१८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेचा कापूस अडकला. त्याची झळ आणि लाभ थेट आपल्याकडे पोचले. मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाचे भाव कडाडले, मुंबईत रोज नव्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली तशी ती सगळी तेजी फुटली आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. खामगाव-हिंगणघाटचा कापूस आणि नॅचेझचा कापूस एकाच तराजूत तोलला जात होता.

खुद्द नॅचेझमध्ये फारशी लढाई झालीच नाही. इथल्या पुष्कळ धनिकांना दक्षिणेनं देशातून फुटून निघणं मान्य नव्हतं, धंदा उत्तरेशी होता. शहर शरण गेलं, म्हणून हवेल्या वाचल्या. एक अर्धीच राहिली ती लाँगवुड, अष्टकोनी आणि वर कांद्याच्या आकाराचा घुमट असलेली. उत्तरेतून आलेले कारागीर युद्ध सुरू होताच हातातली हत्यारं ठेवून परतले. ३२ खोल्यांपैकी तळघरातल्या नऊ तेवढ्या पुऱ्या झाल्या. वर आजही उघड्या विटा आणि लाकडी सांगाडा दिसतो.

१८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य आलं आणि तिठ्यावरच्या कोठड्या पाडल्या गेल्या. ते लाकूड सैनिकांच्या बराकींना वापरलं. पाडणाऱ्यांत नुकतेच मुक्त झालेले काळे सैनिक होते. पुढचं दशक आशेचं होतं. नॅचेझमधला धर्मोपदेशक हायरम रेव्हल्स १८७० मध्ये अमेरिकी सेनेटचा पहिला काळा सदस्य झाला. इथेच गुलामीत राहिलेला जॉन लिंच पंचविशीत अमेरिकी संसदेत, म्हणजे तिथल्या काँग्रेसमध्ये गेला. मग मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या घटनेनं मतदानावर कर आणि परीक्षा लादून हे दार लावून टाकलं.

१९३१ मध्ये इथे बागप्रेमी बायकांचं संमेलन ठरलं होतं. उशिराच्या थंडीनं फुलं करपली, म्हणून त्यांनी पाहुण्यांना घरं दाखवली. घरंच लोकांना आवडली. १९३२ पासून दर वसंतात 'पिल्ग्रिमेज', म्हणजे हवेल्यांची यात्रा, भरू लागलं, आणि कापसाला कीड लागून कंगाल झालेलं गाव त्यावर तगलं. घेरदार झग्यांतल्या मुली, मेणबत्त्या, चांदीची भांडी. तिठ्याचं नाव त्यात नव्हतं.

२३ एप्रिल १९४० ची रात्र काळ्या वस्तीत अजून कुणी विसरलेलं नाही. 'ऱ्हिदम नाइट क्लब' ही पत्र्याची इमारत होती. शिकागोचा वॉल्टर बार्न्स आपला वादकांचा ताफा घेऊन आला होता. छताला सुकं स्पॅनिश मॉस, म्हणजे तिथल्या झाडांवर लोंबणारी जटांसारखी वनस्पती, लटकवलं होतं आणि त्यावर कीटकनाशक फवारलं होतं. फुकट कुणी बघू नये म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद होत्या. दार एकच, तेही आत उघडणारं. आग लागल्यावर बार्न्स वाजवतच राहिला, लोकांची घाबरगुंडी उडू नये म्हणून. तो गेला, त्याचे बहुतेक साथीदार गेले. एकूण २०९ मृत्यू. गावातलं क्वचितच एखादं काळं घर दुःखावाचून राहिलं असेल.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये नागरी हक्कांच्या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष जॉर्ज मेटकाफ यांच्या गाडीत बॉम्ब फुटला. ते वाचले. लोकांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला. मागण्यांत नोकऱ्या होत्या, शाळा होत्या, आणि एक मागणी अशी होती की काळ्या माणसाला 'मिस्टर', 'मिसेस' म्हणून हाक मारली जावी. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतलं अंतर ज्याला ठाऊक आहे त्याला या मागणीचं वजन वेगळं सांगायला नको. मोर्चाला निघालेल्या शेकडो जणांना पकडून त्यातल्या दीडशेवर लोकांना दूरच्या पार्चमन तुरुंगात डांबलं, विवस्त्र करून छळलं. बहिष्कार टिकला, डिसेंबरात शहरानं मागण्या मान्य केल्या. पण १९६७ मध्ये संघटनेचे खजिनदार व्हार्लेस्ट जॅक्सन, टायर कारखान्यात तोवर गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर बढती मिळाल्यावर, गाडीतल्या बॉम्बनं मारले गेले. कुणालाही शिक्षा झाली नाही. पार्चमनच्या छळाबद्दल शहरानं माफी मागायला २०१५ उजाडलं.

कारखाने नंतर एकेक करून बंद पडले. १९६० मध्ये जवळपास २४ हजार असलेली वस्ती ओसरत गेली. आता ऑक्टोबरात दरडीवर गरम हवेच्या फुग्यांची शर्यत भरते, तेव्हा गाव पुन्हा भरल्यासारखं वाटतं.

तिठ्याची आठवण जागी ठेवण्यासाठी गावातल्या काळ्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. २०२१ मध्ये ती जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली. विल्यम जॉन्सनचं विटांचं घर आणि मेलरोज ही हवेली ज्या उद्यानात येतात, त्याच उद्यानात आता तिठाही आहे.