दक्षिण महाराष्ट्रातले जैन

कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडचा बेळगाव जिल्हा या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहणारा, बहुतेक करून शेतीवर जगणारा दिगंबर पंथाचा समाज. घरात मराठी, सीमेवरच्या गावांत कन्नड, आणि कित्येक घरांत दोन्ही भाषा एकाच वाक्यात. जैन म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला सराफाचं नाहीतर किराणा-कापडाचं दुकान आठवतं, पण शिरोळ-हातकणंगल्याला जैन म्हणजे ऊस लावणारा, सोसायटीचं कर्ज काढणारा, उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसणारा माणूस. शेतकरी चळवळीतले राजू शेट्टी, जे २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्यातून खासदार झाले, ते याच समाजातले.

२०११ च्या जनगणनेत देशात जैन ४४.५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाहीत, त्यातले सुमारे १४ लाख एकट्या महाराष्ट्रात, दुसरं कुठलंच राज्य याच्या जवळपासही नाही. राजस्थान ६.२ लाखांवर, गुजरात ५.८, मध्य प्रदेश ५.७, कर्नाटक ४.४ लाख. २००१ ते २०११ मध्ये वाढ फक्त ५.४ टक्के झाली, सगळ्या मोठ्या धर्मांत सगळ्यात कमी. आणि देशभरातले जवळजवळ ८० टक्के जैन शहरात राहतात, त्यामुळे खेड्यात राहून शेती करणारा हा पट्टा चांगलाच वेगळा उठून दिसतो.

हे आकडे थोडे जपूनच वाचावेत. इथे आडनावं पाटील, चौगुले, मगदूम, उपाध्ये अशी, आडनाव ‘जैन’ लावणारा माणूस गावात शोधूनही सापडत नाही, मग गणना करणाऱ्याने पाटील ऐकलं की धर्माच्या रकान्यात न विचारताच हिंदू लिहून टाकायचं असं होतं. म्हणून प्रत्येक जनगणनेआधी समाजातल्या संस्था ‘धर्म जैन असाच लिहा’ म्हणून सांगत फिरतात. २०१४ मध्ये केंद्राने जैनांना अल्पसंख्याक दर्जा दिल्यावर शिष्यवृत्तीच्या निमित्ताने ही जाणीव अजून वाढली.

जुन्या पुरुषांच्या नावांत ‘गोंडा’ हमखास यायचं, सातगोंडा, पायगोंडा, देवगोंडा. हे कन्नड ‘गौडा’चं रूप, गौडा म्हणजे गावचा पाटील. देवळाला इथे बस्ती म्हणतात, तोही शब्द कर्नाटकातलाच. पोटजाती चतुर्थ, पंचम, कासार किंवा बोगार, सैतवाळ आणि उपाध्ये. चतुर्थ मुख्यतः शेतकरी, कासार बांगड्या-भांड्यांच्या धंद्यातले, उपाध्ये बस्तीतली पूजा बघणारे, सैतवाळ मराठवाडा-विदर्भातही बरेच. धर्म जात मानत नाही असं सगळेच सांगतात, लग्न ठरवताना मात्र पोटजात विचारली जायचीच. कोल्हापूरचे समाजशास्त्रज्ञ विलास संगवे यांनी १९५९ मध्ये जैन समाजाच्या सामाजिक पाहणीचा ग्रंथ काढला त्यात या पोटजातींबद्दल सविस्तर वाचायला मिळतं.

भट्टारकांचे मठ हे इथलं आणखी एक वैशिष्ट्य. भट्टारक म्हणजे वस्त्र घालणारे, मठाची जमीन-मालमत्ता सांभाळणारे धर्मगुरू, नग्न दिगंबर मुनी वेगळे. कोल्हापूरचा लक्ष्मीसेन मठ आणि नांदणीचा मठ नावाजलेले. नांदणी मठाची हत्तीण महादेवी जुलै २०२५ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर जामनगरला हलवली तेव्हा रस्त्यावर आलेल्या गर्दीत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, त्यावरून मठ आणि गाव यांचं नातं कसं आहे ते समजतं.

मुनींची परंपरा विसाव्या शतकात परत उभी करणारे आचार्य शांतिसागर याच भागातल्या भोज गावचे, मूळ नाव सातगोंडा पाटील, जन्म १८७२. १९५५ मध्ये त्यांनी कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडण्याचं व्रत, घेऊन देह ठेवला. कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावरची २८ फुटी मूर्ती १९६३ ची, तिथलं गुरुकुल मात्र त्याच्या आधीपासूनचं.

शिक्षणाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा सुरू झाली, पुढे तिलाच दक्षिण भारत जैन सभा म्हणायला लागले, आणि खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणून ठिकठिकाणी बोर्डिंगं निघाली. कोल्हापूरच्या बोर्डिंगवर अण्णासाहेब लठ्ठे देखरेखीला, जे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. याच बोर्डिंगात कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील राहत होता. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला तो गेला, परत आल्यावर ‘आंघोळ करून ये’ म्हटल्यावर ऐकलं नाही, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असा प्रसंग त्याच्या चरित्रात येतो. हाच भाऊराव पुढे कर्मवीर, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारा. समाजाच्याच बोर्डिंगातून बाहेर काढलेल्या पोराने सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारी वसतिगृहं काढली, हे सभेच्या इतिहासात जरा हळू आवाजात सांगतात असं वाटतं.

राज्यातले बाकीचे जैन वेगळ्या वाटेने आले. अहिल्यानगर, जळगाव, मराठवाड्यातले ओसवाल मारवाडातून व्यापाराला आलेले आणि बरेचसे श्वेतांबर स्थानकवासी, म्हणजे मूर्तिपूजा न मानणारे, सोलापूरचे हुमड गुजरातकडचे पण दिगंबर, उद्योगपती वालचंद हिराचंद त्यांच्यातले. या सगळ्यांचे सोयरसंबंध पूर्वी फारसे होत नसत. श्वेतांबरांचं पर्युषण संपतं तिथून दिगंबरांचं दशलक्षण पर्व सुरू होतं, त्यामुळे एकाच गल्लीत उपवासाचे दिवसही वेगळे.

खाण्यात मांस-मासे-अंडी नाहीत, पाणी गाळून प्यायचं, जुनी माणसं दिवस मावळायच्या आत जेवतात. कंदमूळ वर्ज्य हा नियम खरा, पण शेतकऱ्याच्या घरात एरवी कांदा-लसूण चालतो आणि चातुर्मासात, निदान दशलक्षणात तरी, बंद होतो. मुनी गावात आले की त्यांच्या आहारासाठी चौका, म्हणजे सोवळ्यातलं वेगळं स्वयंपाकघर, मांडतात, तिथे मात्र कसलीच सूट नाही. हळद हासुद्धा कंदच, आणि सांगली तर हळदीचीच पेठ, पण हळद वाळवलेली असते म्हणून आमटीत चालते.